गुळाचा चारित्र्याचा दाखला

सेंद्रिय गूळ ओळखायची सोपी खूण शहरी गिऱ्हाइकाने शोधून काढली आहे: जितका काळा, तितका सात्त्विक. पिवळाधमक गूळ बऱ्याचदा हायड्रोस या रंग उजळवणाऱ्या रसायनाची करामत असते, हे खरं. पण काहिलीत हायड्रोसऐवजी भेंडीचं पाणी पडलं म्हणून उसाला घातलेला युरिया माघारी जात नाही. रंग फार तर गुऱ्हाळातल्या शेवटच्या काही तासांची हकिगत सांगेल. उसाने शेतात काढलेल्या वर्षाबद्दल तो चकार शब्द काढत नाही. तिथे कागद लागतो. सेंद्रिय अन्नाच्या 2017 च्या नियमांनी आलेलं ‘जैविक भारत’चं चिन्ह म्हणजे तो कागद. हंगामी पिकाआधी दोन वर्षं, फळबागेला तीन वर्षं रसायनं बंद ठेवली, वह्या भरल्या, तपासनीस येऊन गेला, एवढंच तो सांगतो. (पीजीएस या सहभागी प्रमाणन पद्धतीत शेजारचे शेतकरीच एकमेकांना तपासतात. बांधावरून कोर्टात गेलेल्या गावात ही तपासणी भलतीच कडक होत असणार.) थोडक्यात, हा रहिवासी दाखला, गिऱ्हाईक मात्र तो चारित्र्याचा दाखला म्हणून वाचतं. कीटकनाशकाचा अंश शून्यच असेल, असं नियमही म्हणत नाही. नेहमीच्या मर्यादेच्या पाच टक्क्यांपर्यंत तो चालतो, कारण शेजारची फवारणी उडवणारा वारा गट नंबर विचारत नाही. आणि सेंद्रिय साखर ही साखरच; मधुमेह प्रमाणपत्र बघून थांबत नाही.

मग हा सगळा कागदी खेळच, असं म्हणणारे 2020 चं कापूस प्रकरण पुढे करतात. भारतातल्या 20,000 टन कापसाला बनावट कागदांवर सेंद्रिय ठरवलं गेलं होतं. त्या कागदांवरचा क्यूआर कोड सरकारी संकेतस्थळाच्या हुबेहूब नकलेवर नेत होता. कसब मानलंच पाहिजे! पण खोटा कागद पकडता आला तो खरा कागद कुठेतरी होता म्हणून. ‘गावरान’, ‘केमिकल-फ्री’, ‘आजीच्या हातचं’ यांची नोंदवहीच नाही, तर खोटी नोंद पकडणार कशी? छोट्या शेतकऱ्याला दाखल्याचा खर्च परवडत नाही, हा आक्षेप जास्त वजनाचा. थेट विकणाऱ्याला वर्षाला 12 लाखांच्या उलाढालीपर्यंत दाखल्यातून सूट आहे, पण मग चिन्ह लावता येत नाही. म्हणजे खरा सेंद्रिय माल बिनचिन्हाचाही असतो, आणि त्याची हमी त्या शेतकऱ्याची ओळख एवढीच.

पाकिटावर मात्र सोय चोख असते. प्रमाणपत्राचा क्रमांक मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत. पुढे बैलजोडी, हिरवी पानं आणि नऊवारीतली आजी. गिऱ्हाईक आजीकडे बघतं, गूळ काळा आहे ना ते बघतं, आणि पाकीट पिशवीत टाकतं.