पांदणीचे भाऊ

वलगावच्या आसपास कुठंही पांदण दुरुस्तीचं श्रमदान निघालं की तिथं एक भाऊ आधीच पोहोचलेले असतात. वय साठीच्या पुढं, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, डोक्यावर ग्रामस्वच्छता अभियानाची टोपी. सरकारनं 2000-01 मध्ये गाडगेबाबांच्या नावानं ते अभियान काढलं तेव्हाची ही टोपी. तेव्हा ती पांढरी होती म्हणतात. खांद्यावर स्वतःचं फावडं, दांडा बाभळीचा, घरीच तासलेला. तुम्ही ते फावडं मागितलंत तर भाऊ हो-नाही काही म्हणत नाहीत. आधी तुमचा तळहात उलटा करून पाहतात आणि मग तुम्हाला घमेलं देतात.

वलगावात हात बांधून उभं राहण्याची पंचाईत आहे. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी इथंच, पेढी नदीच्या पुलाजवळ, देह ठेवला. गावात शिरल्याबरोबर खराट्यानं रस्ता झाडायला लागायचं आणि रात्री कीर्तनात त्याच गावाची हजेरी घ्यायची, अशी त्या माणसाची रीत. त्यामुळे इथं आळस केला की कुणीतरी बाबांचं नाव काढतंच. हे ‘कुणीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा भाऊ. "बाबानं 1908 मंदी ऋणमोचनले पूर्णेवर घाट बांधला. समिती नेमली होती काय त्यानं?" असं ते विचारतात. स्वतः भाऊ चार समित्यांवर आहेत. एकीचे अध्यक्षच.

काम सुरू होण्याआधी भाऊंचं भाषण होतं. राष्ट्रीय सेवा योजनेची कॉलेजची पोरं टिकासावर हनुवटी टेकवून ऐकतात. "रस्ता गाडीनं नाही मरत राजेहो, पाण्यानं मरते!" एवढं बोलून भाऊ पोरांच्याच बाटलीतलं प्यायचं पाणी पांदणीवर ओततात आणि ते कुठं वाहतं हे सगळ्यांना वाकून पाहायला लावतात. पाणी चाकोरीत जातं आणि तिथंच बसतं. "पाह्यलं?" पोरांनी पाहिलेलं असतं, आणि दुपारी त्यांना तहानही लागलेली असते.

पण भाऊंचं खोटं नसतं, हीच खरी अडचण आहे. इथली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसात फुगून चपलेसकट माणूस धरते. ऐन मृगाच्या तोंडावर कुणीतरी मुरमाच्या ट्रॉल्या रिकाम्या करतं, नारळ फुटतो आणि दोन-चार पावसांत माती तो मुरूम गिळून मोकळी होते. भाऊंचं म्हणणं, आधी वरचा गाळ काढा, मधोमध उंची द्या, दोन्ही अंगांनी नाल्या खोदा, नाल्यांना पुढं वाट द्या, मुरूम शेवटी टाका आणि दाबून घ्या. यातलं नाल्यांचं आलं की बैठक मोडते, कारण नाली खोदायला धुऱ्याला हात लावावा लागतो. दोन्हीकडचे शेतकरी दरसाल नांगराचं एकेक तास पांदणीत सरकलेले असतात. एकेकाळी दोन बैलगाड्या समोरासमोर पास होत. आता एक बैल निघाला तर दुसऱ्यानं वावरातून जावं. या अतिक्रमणावर भाऊ तासभर बोलू शकतात. त्यांचं स्वतःचं वावरही याच पांदणीला लागून आहे. त्या विषयावर मात्र भाऊ थोडक्यात बोलतात.

पाहुणा यायच्या वेळी भाऊंची कळी खुलते. इतर गावांत पाहुण्याला हळदी-कुंकू लावलेलं रिकामं घमेलं देतात. भाऊ काठोकाठ भरलेलं देतात, तेही ओल्या काळ्या मातीचं. फोटोवाल्याला त्यांनी सांगून ठेवलेलं असतं, त्यामुळे पहिला फोटो हलतो, दुसऱ्यात पाहुण्याचे डोळे मिटतात. असं करत एका पाहुण्याकडून तीन घमेली निघतात. श्रमदानात सगळ्यात जास्त माती फोटोवालाच हलवतो, असा भाऊंचा हिशेब आहे.

मग आलूपोहे होतात, चहा होतो, पोरं घरी जातात. पांदणीची पुन्हा आठवण काढायचं कुणाला कारण नसतं. जुलैत झड लागते आणि पहाटे साडेपाचला गावातले फोन वाजायला लागतात. "उठले काय? पाणी पाहाले या, नाली वाहून राह्यली!" जात कुणीच नाही. भाऊ बारदान्याची खोळ पांघरून एकटेच नाल्यांतला काडीकचरा, पऱ्हाटीच्या काड्या, प्लास्टिक उपसत शेवटपर्यंत जातात आणि ग्रुपवर व्हिडिओ टाकतात. चार मिनिटं नुसतं गढूळ पाणी वाहताना दिसतं. भाऊ कुठंच नसतात, फक्त त्यांचा दम लागलेला ऐकू येतो. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागते. व्हिडिओ शेवटपर्यंत कुणी पाहत नाही.

औंदा एका रिकामटेकड्यानं पाहिला. पांदण कोरडी होती, नाली झकास वाहत होती, आणि जिथं तिला वाट काढून दिली होती तिथं तुरीत घोटाभर पाणी साचलं होतं. तूर भाऊंचीच. त्यानं लगेच फोन लावला, "भाऊ, नाली चुकली वाटते, तुमच्या वावरात पाणी घुसून राह्यलं!"

"नाली बरोबर हाये," भाऊ खेकसले, "वावरच चुकीच्या जागी हाये!"