तिसरी कुठंय?

प्रत्येक टूरमध्ये एक असतोच. विमानतळावर सगळ्यांच्या आधी पोचलेला, कमरेला पाऊच, आणि पाऊचमध्ये काय आहे हे कुणी विचारत नाही म्हणून स्वतःच सांगणारा. आमच्या लडाखच्या टूरमधले अण्णा म्हणजे या जमातीचे कुलगुरू. नाव-गाव विचारायच्या आधीच त्यांनी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

"कार्डं किती आणलीत?"

"दोन."

"तिसरं कुठंय?"

पुढे हा प्रश्न सगळ्यांच्याच मानगुटीवर बसला. आधार कार्डाची झेरॉक्स काढली, तिसरी कुठंय? खोलीला दोन किल्ल्या, तिसरी कुठंय? नाश्त्याला एका बाईंनी कौतुकानं सांगितलं, मुलीला जुळं झालं. अण्णांच्या ओठांवर आलेला प्रश्न त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, टेबलाखालून पाय मारून परतवला.

अण्णा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण कार्बन पेपर काही अंगातून निघाला नाही. फोटो जपण्याचा ३-२-१ असा एक नियम आहे. प्रती तीन, त्या दोन वेगळ्या जातींच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं तो लोकप्रिय केला. अण्णांना त्याचं काडीचं कौतुक नाही. 'अर्ज तीन प्रतींत सादर करावा' हे आपल्याकडे साहेबाच्या काळापासून चालू आहे, फक्त त्याचं पुस्तक काढायचं कुणाला सुचलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर. पहिला दिवस सक्तीच्या विश्रांतीचा. सगळे डोकं धरून लसणाचं सूप पीत होते आणि अण्णांना घोर लागला होता एका डॉक्टरीणबाईंच्या हार्ड डिस्कचा. बाईंनी साधी, आत चकती फिरणारी डिस्क आणली होती.

"लावू नका! वाचणारं डोकं चकतीवर हवेच्या पातळ थरावर तरंगतं. इथं हवाच विरळ. डोकं टेकलं की चकती खरवडली! बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, साधारण ३,००० मीटरपर्यंतच."

"मग तिला डायमॉक्सची गोळी देऊ का?" बाईंनी थंडपणे विचारलं.

अण्णांच्या स्वतःच्या डिस्क एसएसडी जातीच्या, आत फिरणारं काही नसलेल्या. त्यांवर पांढऱ्या पट्ट्या आणि कचेरीतल्या वळणदार अक्षरात 'अस्सल', 'नक्कल १', 'नक्कल २'. रोज जेवण झालं की विधी सुरू. कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं, कडेचं इवलंसं कुलूप नखानं खाली सरकवायचं म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही. लॅपटॉपवरून प्रती करायच्या. मग त्यातले पाच-सहा फोटो उघडून, मोठे करून, चष्मा कपाळावर चढवून तपासायचे. नुसती नावं दिसली म्हणून फोटो आले असं समजायचं नाही. वहीत टिक. भरलेलं कार्ड लाल रबरबँडात. ते पुसायचं घरी गेल्यावर, आणि तेही कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून. तोवर नवं कार्ड. फोटो कसे म्हणाल, तर गोंपा तिरका आणि याक अर्धा.

"गूगलवर आपोआप जातात की," असं कुणीतरी म्हणालं आणि आमची त्या दिवशीची शेकोटी गेली. फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ रोजी संपली, ही तारीख अण्णा पुण्यतिथी सांगावी तशी सांगतात. आता फुकटात १५ जीबी, त्यातच मेलही. शिवाय मोबाइलमधून फोटो उडवला की तिथूनही उडतो, कचरापेटीत ६० दिवस राहतो तेवढाच. "तो बॅकअप नव्हे, आरसा!" त्यात बाहेरची प्रीपेड सिमं लडाखात चालत नाहीत. त्यामुळे रात्री मफलर गुंडाळून हॉटेलच्या राउटरखाली बसलेले अण्णा हे आम्हाला लडाखचंच एक प्रेक्षणीय स्थळ वाटू लागलं होतं.

पण कळस म्हणजे गाड्यांची वाटणी. दोन प्रती एका गाडीत बसता कामा नयेत, हा नियम. म्हणून 'अस्सल' घेऊन अण्णा पुढच्या इनोव्हात आणि 'नक्कल १' पर्समध्ये घेऊन काकू आमच्या. खारदुंग ला ओलांडताना नवरा-बायको अर्ध्या किलोमीटरच्या अंतरानं चालले होते. चष्मेही तीन, पण त्या दिवशी तिन्ही काकूंच्या गाडीत. अण्णांनी खिंड अंदाजानंच पाहिली.

"बघता का हो नंतर हे फोटो?" मी काकूंना विचारलं.

"छे! केरळ, राजस्थान, अंदमान, सगळे तीन-तीनदा आहेत. उघडलेला एकही नाही. आहेत एवढंच त्यांना पुरतं." मग खिडकीबाहेर बघत, भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज म्हणाल्या, "ह्यांची आई लहानपणीच गेली. फोटो एकच होता, नारायण पेठेतल्या घरात, भिंतीवर. तो पानशेतच्या पुरात गेला."

१२ जुलै १९६१. पुण्याच्या नदीकाठच्या घरांत त्या दिवशी काय काय गेलं याच्या याद्या अजून निघतात. भांडी, गाद्या, दप्तरं. फोटोंना त्या यादीत फार वरची जागा नसते.

"नुसती नथ आठवते म्हणतात," काकू म्हणाल्या. "चेहरा नाही."

पुढच्या थांब्यावर अण्णा चहाचा कप घेऊन आमच्या गाडीशी आले, काकूंना न विचारता आधी पर्स चाचपून गेले. माणूस तापदायक होता तो होताच. फक्त त्या रात्री त्यांनी माझी कार्डं मागितली, तेव्हा मी मुकाट्यानं दिली.

पुण्याला परतल्यावर आठवडाभरात ते घरी आले. हातात खाकी पाकीट, आत 'नक्कल २', सोबत पोचपावतीचा कागद, सहीसाठी फुली मारलेला. पोहे झाले, चहा झाला, पण पाकीट काही पुढे सरकेना. गॅलरीत जाऊन त्यांनी खाली वाकून नदी कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं.

"तुमचा मजला चौथा ना?"

"हो."

"आणि बिल्डिंग पूररेषेच्या बाहेर?"

"बाहेर आहे, अण्णा."

"मग करा सही."