ओल कमी, बोल फार

जून उजाडला की दोन गोष्टी झिरपू लागतात : गच्चीतून पाणी आणि ओळखीपाळखीतून सल्ले. पाण्याला निदान उतार लागतो.

"पुट्टी मारा, वरून रंग मारा, हाय काय अन् नाय काय!" लोक मारतात बिचारे. आतलं पाणी मग विटा-प्लास्टरमधले क्षार विरघळवून वर आणतं. पाणी उडून जातं, क्षार उरतात आणि कोऱ्या रंगाला पोपडे सुटतात. सल्लागार तेव्हा दुसरी शेड सुचवतात.

डाग जिथे, गळती तिथेच, ही तर श्रद्धाच. प्रत्यक्षात कोब्याच्या भेगेतून शिरलेलं पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाइपातून हिंडत भलत्याच खोलीत प्रकटू शकतं. भेग शोधायची तर गच्चीत पाणी तुंबवून निदान २४ तास थांबावं लागतं. पण थांबण्यात मर्दुमकी ती कसली? त्यातून भाड्याने आणलेलं ड्रिल मशीन हातात असेल तर विचारूच नका. ते परत जाईपर्यंत घरात एक भिंत अखंड राहत नाही.

गळती न्हाणीघराखाली असेल, तर वरच्या मजल्यावर जाऊन विचारणं सर्वांत स्वस्त. ते मात्र कुणी सुचवत नाही. त्यांच्याशी पार्किंगवरून अबोला असतो ना!