श्री. सराटे यांस खुले पत्र

प्रति,
श्री. सराटे ऊर्फ गोखरू,
मु. पो. कालव्याचा भराव, नीरा डावा कालवा.

विषय : माझे पुढचे चाक.

सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी सकाळी पावणेआठ वाजता निंबूतच्या पुढे आपली भेट झाली. भेट कसली, मी आपल्या अंगावरून गेलो आणि आपण माझ्या टायरात मुक्कामाला आलात. एकटेदुकटे आला असतात तर तक्रार नव्हती. सहकुटुंब आलात.

माझी सायकल साधी नाही, हे आपल्याला खालून दिसले नसेल म्हणून सांगतो. तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. हँडल मेंढ्याच्या शिंगागत वळलेले, टायर चाळीस मिलिमीटर रुंद, आत ट्यूब नाही. ट्यूबऐवजी पांढरे चिकट औषध असते, भोक पडले की ते आपोआप बुजवते. किंमत दीड लाख. एवढे पैसे कशासाठी, तर खराब रस्त्याने जाता यावे म्हणून. माझे आजोबा याच प्रतीच्या रस्त्याने काळ्या सायकलवर, मागे पोते बांधून सासवडच्या बाजाराला जात. या खेळाला नाव आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून ते बिचारे नुसतेच दमत.

आता खेळ चांगलाच वाढला आहे. अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावाहून 2006 पासून खडीच्या रस्त्यांवरची शर्यत निघते. मुख्य अंतर 200 मैल. तिथले चकमकीचे दगड सुरीसारखे टायर चिरतात आणि लोक चिरलेल्या टायरचे फोटो घरी दाखवतात. 2022 पासून तर जागतिक अजिंक्यपदही आहे. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या कालव्यांच्या काठाने सायकली हाकणे ही फार सुखाची गोष्ट मानतात. ते कालवे बोटींसाठी खणलेले, काठची वाट बोट ओढणाऱ्या घोड्या-खेचरांसाठी. पुढे खेचरे गेली, वाटा सायकलवाल्यांना मिळाल्या. आपला कालवा मात्र अजून नोकरीत आहे. त्याच्या काठचा रस्ता पाटकऱ्याचा, उसाच्या बैलगाडीचा, शेरडांचा आणि आपला. आम्ही पुण्याहून गाडीच्या टपावर सायकली बांधून जेजुरी, वाल्हे करत नीरेला येतो ते आयत्या बिळावर.

पण बीळ सुरेख आहे, हे कबूल करतो. डाव्या हाताला तुडुंब पाणी, उजव्या हाताला ऊस, कारखान्याकडून येणारा मळीचा वास, तारेवर खंड्या. चढ नाही, उतार नाही. म्हणजे उतार आहे, पण किलोमीटरला वीत-दोन वीत. पाण्याला कळतो, माणसाला कळत नाही. 1876–78च्या दुष्काळानंतर ज्यांनी हा कालवा आखला त्यांनी दीडशे किलोमीटरांच्या आसपास तो असाच, पाणी न रागावता चालत राहील अशा बेताने नेला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी त्याच पाण्याच्या वाटपाची ब्लॉक पद्धत बसवली, म्हणजे सगळे पाणी वरच्यांनीच पिऊन टाकू नये. एवढ्या लोकांनी डोके चालवून केलेल्या त्या सपाटीवरून मी ताशी तेवीसच्या वेगाने गेलो आणि श्रेय माझ्या मांड्यांना दिले. फोनवर तशी नोंदही केली. तेवढ्यात आपण.

फुस्स असा आवाज झाला. टायरातले औषध उन्हाळ्यात भरलेले. एव्हाना त्याची साय झाली होती. त्यातून दोन थेंब बाहेर आले आणि थांबले. पिशवीत जादा ट्यूब होती. पण आपले काटे टायरात मोडून राहिलेले असताना नवी ट्यूब घालणे म्हणजे काट्याचा नायटा करून घेणे. बोटे आतून फिरवली तर बोटांतून रक्त आले, काटा आला नाही. सहा हत्यारांचा एक परदेशी चिमटा माझ्याकडे आहे. त्यातले एकही हत्यार आपल्यासाठी केलेले नाही.

शेरडे राखणाऱ्या एक मावशी येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ त्यांनी माझे बघितले.

"सराटा हाय त्यो," त्या म्हणाल्या. "बैलाला बी सोडीत न्हाई."

मग त्यांनी शेजारच्या बाभळीचा एक लांब पांढरा काटा मोडून घेतला, मांडी घालून बसल्या, टायर उलटे केले आणि अंगठ्याने चाचपत एकेक टोक उकरून बाहेर काढले. सात निघाले. काट्याने काटा काढावा ही म्हण मी शाळेत दोन मार्कांसाठी वाक्यात वापरली होती. वापरतात कशी ते तिथे पाहिले.

"चांगला डांबरी सोडून हिकडं कशापायी?" त्यांनी विचारले.

शांतता, निसर्ग, असे काहीतरी मी म्हणालो.

"आमच्या वस्तीचा रस्ता असलाच हाय. पावसाळ्यात पोरं चपला हातात घिऊन साळंत जात्यात. दोन वर्सं झाली, अर्ज दिलाय डांबरीचा." मग एकदम उजळून म्हणाल्या, "तुमी पुण्याचं न्हवं? कुनाला तरी सांगा की."

सराटेसाहेब, खरा काटा हा रुतला. कारण एखाद्या रस्त्यावर डांबर पडणार अशी बातमी आमच्या सायकलवाल्यांच्या गटात आली की आम्ही काय म्हणतो ते मला माहीत आहे. मागे एका वाटेवर डांबर पडले तेव्हा आमच्यातले एक जण हळहळून म्हणाले, "गेला, एक चांगला रस्ता गेला." मीही मान हलवली होती. आम्ही नकाशावर बोटाने शोधत असतो तो खडबडीत तुकडा कुणाचा तरी निकालात न निघालेला अर्ज असतो. मावशींना मी "सांगतो" म्हणालो. कुणाला सांगणार आहे, ते त्यांनी विचारले नाही.

आपले मात्र कौतुक वाटते. बैलाचा खूर, पोराची अनवाणी टाच, दीड लाखाची सायकल, आपल्याला सगळे सारखे. फळ पिकले की पाच तुकडे होतात, आणि कसाही पडला तरी प्रत्येकाचा एक काटा आकाशाकडे. पाय नाहीत, म्हणून दुसऱ्याच्या पायाने प्रवास. शिवाय औषधीही आहात; दशमुळांतले एक मूळ आपले. आमच्या गटातले दोघे ताकद यावी म्हणून रोज सकाळी गोखरूच्या गोळ्या घेतात. म्हणजे आपण टायरात येऊ नये यासाठी एक बाटली विकत घ्यायची आणि पोटात यावे यासाठी दुसरी.

तरी आपणास विनंती आहे, ती अशी. भरावावर आमच्यासाठी खुशाल राहावे. आमचा वेग जरा उतरलेला बरा. पण वस्तीच्या रस्त्यावरून आपले बिऱ्हाड हलवावे. डांबर पडेपर्यंत निदान शाळेच्या वेळात तरी.

कळावे, लोभ आहेच, कमी व्हावा ही विनंती.

आपला,
एक पंक्चर झालेला

ता. क. : पत्र टाकायला खाली उतरलो. पार्किंगच्या कडेला, जिथे मी दर रविवारी सायकल धुतो, तिथे जमिनीलगत एक हिरवी नक्षी पसरली आहे. पिवळी, पाच पाकळ्यांची इवली फुले. वॉचमन म्हणाला, "छान आहे ना साहेब? आपोआप आलंय. मी रोज पाणी घालतो."

मी काही बोललो नाही.