टॅलीकाका

बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात एका गल्लीत लेथ फिरतात आणि पलीकडे आयटी कंपन्यांच्या काचा चमकतात. अशाच एका लेथवाल्या कारखान्याच्या पोटमाळ्यावर तुम्हाला हमखास हिशेबनीस टॅलीकाका भेटतील. मूळ गाव बेळगाव. कामगारांशी कन्नडात बोलतात, आकड्यांशी मराठीत.

त्यांच्या पंचांगात तिथ्या तीनच. ११ तारखेची एकादशी, म्हणजे जीएसटीचं विक्रीचं विवरण. १४ ची चतुर्दशी, त्या दिवशी पोर्टलवर टू-बी, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटचं विवरण, प्रकट होतं. आणि २० तारखेला थ्री-बी, म्हणजे कर भरायचं विवरण, भरलं की मोक्ष. पुरवठादाराने आपलं बिल चढवलंच नसेल, तर ते टू-बीत दिसत नाही आणि त्यावरचं क्रेडिट अडकतं. मग काका फोन उचलतात. "पैसे घेटलासा, बिल चढवायला काय झालं? चढवा की!"

आपल्या नोंदीत बिल '७/२४' आणि समोरच्याच्या विवरणात '००७-२४' असलं, तर ते एकच आहे हे माणसाला कळतं, एक्सेलला कळत नाही. काका एक्सेलच्या बाजूचे.

मालकांचा हिशेब तीन ठिकाणी असतो: व्हॉट्सअॅपवर, शर्टाच्या खिशात आणि "सांगतो नंतर" मध्ये. पेट्रोलपंपाची पावती काका त्याच दिवशी झेरॉक्स करून घेतात, कारण त्या कागदावरची अक्षरं मालकांच्या आश्वासनांआधी उडतात. कायदा म्हणतो, वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने कागद सांभाळा. काकांकडे १ जुलै २०१७ चं पहिलं जीएसटी बिलसुद्धा आहे, प्लास्टिकच्या पिशवीत.

घरीही तेच. मुलीला पुण्याचं स्थळ आलं, तेव्हा पत्रिकेआधी त्यांच्या तोंडून निघालं, "म्हणजे जीएसटीचा राज्य कोड २७. आपण २९. आंतरराज्य व्यवहार!" आधार आणि पॅनवरच्या नावांची स्पेलिंगं जुळेपर्यंत त्यांनी गुण पाहिले नाहीत.

एकदा खात्याची नोटीस आली: दोन विवरणांत तफावत, ३० दिवसांत खुलासा करा. मालकांचा रक्तदाब वाढला. काकांनी मात्र नवा शर्ट घातला. इतक्या वर्षांत त्यांची जुळवणी वाचायला कुणीतरी मागितलं होतं! त्यांनी रात्रभर बसून बिलागणिक तक्ता, बँकेच्या नोंदी आणि सात पुरवण्या जोडल्या. उत्तर मान्य झालं. मालकांनी पेढे वाटले.

काकांनी पेढा घेतला नाही. "सातवी पुरवणी बघितलीच नसणार हो त्यांनी," ते म्हणाले. "नाहीतर एक तरी प्रश्न विचारलाच असता की!"