मशीनवाल्या काकू

उमरगा सोलापूर-हैदराबाद हायवेवर. कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर, म्हणून खण-इरकलीला इथं तोटा नाही. आणि ते फाडायला-जोडायला गल्लीत एक तरी मशीनवाल्या काकू असतातच.

काकू क्लासच्या ठरलेल्या क्रमाने शिकल्या. आधी झबलं-टोपडं, मग सहा कळ्यांचा परकर, शेवटी कटोरी ब्लाऊज. झबलं झालं तेव्हा घरात तान्हं मूल नव्हतं. वाया कशाला घालवायचं म्हणून त्या शेजारच्या नव्या सुनेला देऊन आल्या. तिच्या लग्नाला तेव्हा महिना झाला होता.

एवढ्यावर थांबल्या तर त्या काकू कसल्या! आपल्याला आलं ते घरातल्या सगळ्यांना आलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. यंत्रांवर नाराज असलेल्या गांधीजींनी 1924 साली सिंगरच्या शिलाई मशीनला सूट दिली होती. काकूंच्या घरात कुणालाच सूट नाही.

पहिला धडा बिनदोऱ्याचा. रेघी कागदावर मशीन सरळ चालवायची. चाक उलटं फिरलं की पाठीत धपाटा. नातवाने त्यासाठी गणिताची वही घेतली. गुरुजींनी ती उघडली तर सतराचा पाढा आरपार दिसत होता.

दुसरे विद्यार्थी खुद्द काका. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. "जन्मभर तिकिटांना भोकं पाडली, आता काजं करा," म्हणून काकूंनी त्यांना खाली बसवलं. दारातून कुणी "काय करलालाव, काका?" विचारलं की सुई मांडीखाली जायची आणि उत्तर यायचं, "काय न्हाई, पेपर वाचलालो." पेपर खरंच पुढ्यात असायचा. त्यावर मुंढ्याचं कटिंग आखलेलं असायचं.

पुढे काकांची भीड चेपली आणि त्यांनी गुळेदगुड्डच्या खणाला कात्री लावली. खणाचा पन्हा मुळात कमी, त्यात काठ बाहीवरच यायला हवा. काकांनी काठ अगदी बरोबर साधला, फक्त दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. काकूंनी एक शब्द न बोलता त्याची पिशवी शिवली. या घरात जे जे चुकतं त्याची पिशवी होते. आठवडी बाजारात खणाच्या नव्या पिशवीत मेथी दिसली की खुशाल समजावं, कुणीतरी नवं शिकतंय.

माझ्या मते पंच्याऐंशीच्या आजी त्यातल्या त्यात सुटल्या. हाताने वाकळ शिवणाऱ्या बाईला मशीनचं काय कौतुक! "उसवायला आलं की शिवायला येतं," एवढं बोलून त्या काकांच्या बाह्या उसवत बसतात.

17 सप्टेंबर 2023 ला, ऐन मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा प्रकारच्या कारागिरांत शिंपी आहेत, अवजारांना पंधरा हजारांपर्यंत मदत आहे. पण कुटुंबातल्या एकालाच! काकूंनी नियम दोनदा वाचून घेतला. "आमच्यात तर कुणाकुणाला येतंय," म्हणाल्या, आणि घरातल्या एकेकाकडे बघू लागल्या.

सून तेवढी शिकलेली नाही. बुद्धी नाही म्हणून नव्हे. तिचे ब्लाऊज सासू शिवते, हुकं सासरा लावतो, फॉल मुलगा लावतो. लग्न होऊन उमरग्याला येणाऱ्या मुलींनो, मशीन दिसली की आधी या सुनेला भेटा.