ओल्या रंगाची सफर

प्रवासी जहाजाचा तळ 5 वर्षांत किमान 2 वेळा पाण्याबाहेर तपासला जावा, असा आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांचा सर्वसाधारण दंडक असल्यामुळे स्पेनमधील कादिझसारख्या बंदरातील सुक्या गोदीत, म्हणजे जहाज आत घेऊन पाणी उपसून टाकलेल्या अवाढव्य हौदात, तळाचे शेवाळ व कवचधारी जीव खरवडून नवा रंग चढविला जातो आणि त्याच मुक्कामात वरचे गालिचे, गाद्या व उपाहारगृहेही बदलून घेतली जातात. गोदीची मुदत संपते, काम मात्र संपतेच असे नाही. जाहिरातीतील ‘नूतनीकृत’ हे भूतकालवाचक विशेषण जहाजावर चालू वर्तमानकाळी वाचावे लागते. पहिल्याच सफरीच्या प्रवाशाला खाऱ्या वाऱ्याआधी थिनरचा वास भेटतो, गालिच्यावरचे प्लॅस्टिक पायाखाली चुरचुरते, आणि ज्या तरणतलावाचे चित्र पाहून त्याने तिकीट काढले, त्याच्या कोरड्या तळाशी गुडघे टेकून एक कारागीर फरशीच्या सांधी निवांत भरत असतो. (बिनतिकीट सफर करणारा हाच बहुधा जहाजावरील एकमेव समाधानी जीव होय.) कर्मचाऱ्यास जेवणघराची वाट विचारावी, तर तोही हातातील नव्या नकाशात तेच शोधत असतो.